दार लावण्याआधीची हाक

४ फेब्रुवारी

आमच्या एकुलत्या एक शेंडेफळास,

एक गंभीर तक्रार नोंदवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. तुझं कार्ड मिळालं. अकरा महिन्यांनी आलेला मजकूर चार ओळींचा, आणि त्या चार ओळींत ऱ्हस्वदीर्घाच्या तीन चुका. 'शीतगृह' हा शब्द तू 'शितगृह' असा लिहिला आहेस. शीत म्हणजे थंड. शित म्हणजे भाताचा कण. तू भाताच्या गोदामात नोकरीला लागलीस की काय, असं क्षणभर वाटलं. शितावरून भाताची परीक्षा करायची, तर तुझ्या अर्धवट सोडलेल्या एम.ए.चा निकाल इथेच लागला.

दुसरी चूक, 'मि मजेत आहे'. तो ऱ्हस्व 'मि' पाहून तुझी आई म्हणाली, "बघा, केवढीशी झाली पोरगी. जेवत नसणार." तिसरी, 'काळजी करु नका'. हा 'रू' दीर्घ काढला असतास, तर कदाचित नसती केली.

"फोनवर बोलणार नाही, बाबा बोलायला लागले की व्याख्यान होतं, काय असेल ते लिहा." ही तुझी अट आईने पोचवली. अट मान्य. व्याख्यान निदान लिखित स्वरूपात तरी घरी जपून ठेवता येतं.

आता एक-दोन प्रश्न. निव्वळ कुतूहल, दुसरं काही नाही. तुमच्या शीतगृहाच्या खोल्यांची दारं सरकती आहेत की बिजागरीची? आतून उघडायला काही सोय आहे? असेल तर ती तू स्वतः वापरून पाहिली आहेस, की कोणी 'आहे' म्हणून सांगितलं? आणि दाराशेजारी भिंतीवर बिल्ले अडकवायची फळी आहे का? आत जाताना आपला बिल्ला खिळ्याला लावायचा, बाहेर येताना काढायचा, अशी?

माझ्या परिचयाचा एक गृहस्थ फार पूर्वी अशा ठिकाणी तीन महिने कामाला होता. त्याच्याकडून ऐकलं, म्हणून विचारतो.

जेवणाच्या टेबलावर झालेल्या त्या बोलण्याचा विषय मी काढत नाही. तूही काढलेला नाहीस. आपण दोघे सभ्य माणसं आहोत.

तुझे,
बाबा


१७ फेब्रुवारी

शेंडेफळा,

उत्तर मिळालं. यात एकच चूक सापडली, त्यामुळे जरा निराशा झाली.

दार बिजागरीचं, आतून ढकलायचा दांडा आहे, तो 'जरा जड जातो'. फळी नाही, कारण हजेरी फाटकावर कार्ड दाखवून यंत्रात लागते. म्हणजे इमारतीत किती माणसं आहेत ते यंत्राला ठाऊक. कोणत्या खोलीत किती, ते फक्त देवाला. सहा वाजता शेवटचा माणूस दारं लावतो, त्याआधी हाक मारतो. छान. पंखे चालू असताना हाक ऐकू येते का, हे लिहिलं नाहीस.

'जरा जड जातो' या तीन शब्दांवर मी दोन दिवस काढले. माझा परिचित गृहस्थ म्हणतो, दांडा जड जात नसतो. दांड्यावर बर्फ धरत असतो. आज जरा जड, उद्या जास्त, परवा हलत नाही. दर तासाला कोरड्या फडक्याने पुसायचा. ओल्या हाताने नाही. आणि अडलाच, तर हाताने ढकलत बसायचं नाही, टाचेने खालून वर लाथ घालायची. समोरून घातली तर फक्त टाच दुखते.

आणखी तो म्हणतो की आतल्या खोलीत जाताना कोणाला तरी तोंडावर सांगून जायचं. पाठीवर सांगून नाही. "जातो रे" असं हवेत म्हटलेलं हवेतच राहतं. समोरच्याने "हं" म्हटलं की मग आत पाय टाकायचा.

तू लिहितेस, "बाबा, तुमचा हा गृहस्थ क्रेट कसे रचायचे हेही सांगतो का?" सांगतो. पहिली रांग उभी, दुसरी आडवी, विटांसारखी. नाहीतर कोपऱ्यातून सगळा ढीग कलतो. आणि उचलताना गुडघ्यात वाकायचं. त्याला एका जुन्या हमालाने शिकवलं होतं, "ओझं पोटाशी, अहंकार पाठीशी." ओझं अंगापासून लांब धरलं की कंबर जाते आणि अहंकार पुढे धरला की समोरचं दिसत नाही.

पुढे तुझं वाक्य आहे, "आपल्या घरातली पुस्तकं अशीच रचलेली आहेत, एक थर उभा, एक आडवा. आई किती वर्षं ओरडतेय." पुस्तकं जास्त आणि कपाटं कमी असली की माणूस काहीही करतो. यातून कोणी निष्कर्ष काढू नयेत. हे तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. तू तेवढं तरी पूर्ण केलं होतंस.

आईने गरम मोजे पाठवलेत. एकावर एक दोन घालावेत, असं तो गृहस्थ म्हणतो. तीन नाही. तीन घातले की बूट आवळतो आणि बोटं आधी गारठतात.

बाबा


२ मार्च

चि. तर्कदुष्टेस,

तुझ्या पत्राला मी चार दिवस हात लावला नाही. आईने उघडून वाचलं आणि टेबलावर माझ्यापुढे ठेवलं, वर चष्मा ठेवला.

तू विचारतेस, आजीला जिन्यावरून खाली आणायची होती तेव्हा रुग्णवाहिकेतली दोन माणसं वळणावर अडली, आणि बाबांनी एकट्याने तिला उचलून तीन मजले खाली आणलं, ते कुठल्या ग्रंथात वाचून? गुडघ्यात वाकून, पोटाशी धरून, प्रत्येक पायरीला "डावा, उजवा" म्हणत?

तू विचारतेस, घराला कुलूप लावायच्या आधी बाबा प्रत्येक खोलीत डोकावून "आत कोण?" असं का विचारतात? न्हाणीघरातसुद्धा? आम्ही दोघी फाटकापाशी उभ्या दिसत असताना? शेजारच्या काकू याला 'पंडितांची हजेरी' म्हणतात, हे मला माहीत होतं. तुला माहीत आहे हे माहीत नव्हतं.

आणि तिसरं. अध्याहार शिकवताना, म्हणजे वाक्यात न आलेला शब्द ऐकणाऱ्याने मनात कसा भरून घ्यायचा ते शिकवताना, परंपरेतलं ठरलेलं उदाहरण सोडून बाबा 'चहा!' हे उदाहरण का देतात, असं तू भर वर्गात विचारलं होतंस. चहा म्हटलं की 'आणा' हे आपोआप कळतं, सोपं जातं, असं उत्तर मी दिलं होतं. वर्ग हसला. तू हसली नव्हतीस.

निरीक्षण चांगलं आहे. एवढं निरीक्षण पाठांतराकडे वळवलं असतंस तर आज

हे वाक्य अर्धवट राहू दे. मी परत तेच करायला निघालो होतो.

टेबलावरचं बोलणं मीच काढतो. "हमाली करायला पोरगी वाढवली नाही," असं मी म्हणालो. तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही आयुष्यात एक पोतं तरी उचललंय का?" मी म्हणालो, "नाही."

त्या 'नाही'बद्दल आज इतकंच लिहितो की ते शुद्धलेखनाच्या दृष्टीने निर्दोष होतं.

दांडा पुसतेस ना?

बाबा


रविवार, १० मार्च
दुपार

बाळा,

आज आईशी तुझं फोनवर बोलणं झालं. ती स्वयंपाकघरात बोलत होती, मी बाहेर वर्तमानपत्र धरून बसलो होतो. उलटं नव्हतं, पण सुलटंही वाचत नव्हतो. फोन ठेवून आई कौतुकाने सांगायला आली की गेल्या सोमवारपासून संध्याकाळी दारं लावायचं काम तुझ्याकडे दिलंय. "विश्वासाचं काम आहे म्हणे. आणि काय करते माहितीये? सगळे तिला 'संस्कृतबाई' म्हणतात ना, तर हाकही संस्कृतात मारते. पोरं पोट धरून हसतात." मग तिने तुझी हाक म्हणून दाखवली.

"भो भो जनाः, पिधीयते द्वारम्!" म्हणजे, अहो लोकहो, दार लावलं जातंय.

संधी बरोबर. प्रयोग बरोबर. एकही चूक नाही. तुझ्या पत्रांतून वेचलेल्या साऱ्या चुका मी आज मिठाई म्हणून वाटल्या असत्या, पण ही हाक इतकी शुद्ध नको होती.

मी आईला लगेच परत फोन लावून 'ती हाक बंद कर' असं तुला सांगायला लावलं. तू तिला म्हणालीस, "आता यातही व्याकरण? बाबांना सांग, हाक कळते सगळ्यांना." आईने विचारलं, काय झालं हो, एवढे पांढरे का पडलात? मी म्हणालो, बस, दोघींना एकदमच सांगतो. म्हणून हे पत्र मी लिहितोय आणि ती समोर बसून एकेक पान वाचतेय.

तो परिचित गृहस्थ मी आहे, हे तू कधीच ओळखलंस. बाकीचं ऐक.

एकोणिसाव्या वर्षी मी परीक्षेत नापास झालो. व्याकरणात. (आईने आत्ता चष्मा काढला.) घरी कळू नये म्हणून मी सुट्टीत दुसऱ्या गावी एका शास्त्र्यांकडे शिकायला जातो असं सांगितलं आणि शीतगृहात कामाला लागलो. माझ्याकडे कसलंच कौशल्य नव्हतं, आणि तिथे ते कोणी मागितलंही नाही. उचल म्हटलं की उचलायचं, ठेव म्हटलं की ठेवायचं. दोन खोल्या होत्या, बाहेरची आणि आतली. बाहेरचीत फळं. आतलीत उणे वीस, गोठवलेल्या मालाची पोती.

मला शिकवलं त्या माणसाला सगळे मफलर म्हणत. उन्हाळ्यातही गळ्यात मफलर. पन्नाशीचा, माझ्या आजच्या वयाचा. टाच, फडकं, मोजे, विटांसारखी रास, ओझं पोटाशी, सगळं त्याचं. पहिल्या आठवड्यात मी तीन क्रेट फोडले. तो म्हणाला, "पंडित, तू आधी पाय बघतोस, मग माल, मग दार. उलटं कर. आधी दार." दुसऱ्या दिवशी मी आधी दार पाहिलं आणि चौथा क्रेट पायावर पाडला. तो इतका हसला की त्याचा मफलर सुटला.

मी कामाबरोबर रूपं घोकायचो. पुन्हा परीक्षा द्यायची होती. पोतं उचललं की प्रथमा, ठेवलं की द्वितीया. दारातून ये-जा करायची म्हणून 'द्वार' शब्द धरला. द्वारम्, द्वारे, द्वाराणि. दिवसभर. मफलर म्हणायचा, "अरे, एकच दार आहे इथे, तू किती मोजतोस?"

दार लावायची पद्धत ठरलेली होती. लावणाऱ्याने आत तोंड करून ओरडायचं, "दार लावतोऽऽय!" सूर ठरलेला, शेवट लांबवायचा. पंख्यांच्या आवाजात शब्द कळत नाहीत, सूर कळतो. आत कोणी असेल तर त्याने "आहेऽऽ" म्हणायचं. तीनदा हाक, तीनदा थांबणं. फळी तेव्हा नव्हती, दांडा महिन्याभरापासून अडकलेला होता आणि सगळ्यांना ठाऊक होतं. सगळा भरवसा त्या हाकेवर.

शेवटच्या आठवड्यात दार लावायचं काम माझ्याकडे आलं. विश्वासाचं काम. मला फार आनंद झाला. त्या संध्याकाळी मी विनोद केला. परंपरेतलं उदाहरण मला नुकतंच समजलं होतं: कोणी नुसतं "द्वारम्" म्हणाला तर ऐकणारा मनात "पिधेहि", म्हणजे "लाव", असं भरून घेतो. मला वाटलं, काय सुंदर योग आहे! शास्त्रातलं दार आणि समोरचं दार एकच. मी आत तोंड केलं आणि खणखणीत आवाजात तीनदा म्हणालो, "द्वारम्! द्वारम्! द्वारम्!" तीनदा थांबलोसुद्धा. नियम पाळला. कोणी "आहे" म्हणालं नाही. मी दार लावलं, खटका टाकला आणि स्वतःवर खूश होऊन हातपाय धुवायला गेलो.

मफलर आतल्या खोलीत राशीमागे होता. त्याने ऐकलं होतं. त्याला वाटलं, पंडित घोकतोय.

पन्नास मिनिटं. त्याचा डबा कोणालातरी खुंटीवर दिसला म्हणून, नाहीतर सकाळ झाली असती. दार मीच उघडलं. तो दांड्याशी बसला होता. दोन्ही हात काखेत, मफलर तोंडावर बांधलेला. त्याने मला पाहिलं आणि ओठ हलवले. नंतर कळलं, तो "आहे" म्हणत होता. तेवढा वेळ तेच म्हणत होता.

उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली. मालकाने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "पोराने हाक मारली होती. मीच ऐकलं नाही." मी शेजारी उभा होतो. गप्प. दुसऱ्या दिवसापासून गेलो नाही. घरी आलो, पुन्हा परीक्षेला बसलो, पहिला आलो.

सात-आठ वर्षांनी एकदा तिथे गेलो. कामाचं जाकीट माझ्याकडे राहिलं होतं, ते परत करायचं निमित्त. फाटकातून दाराशेजारी फळी दिसली, अकरा खिळे, खिळ्यांना बिल्ले. माझ्यामुळे आली असणार. जाकीट फाटकावर टाकलं आणि परतलो. मफलरचं पुढे काय झालं, तू विचारशील. मला माहीत नाही. विचारायला आत जावं लागलं असतं.

तुला मी हमालीवरून बोललो, ते मला हमाली हलकी वाटते म्हणून नव्हे. मला जे काही हाताने येतं ते त्या तीन महिन्यांत आलेलं आहे. तुझ्या आजीला मी खाली आणलं ते त्या माणसाच्या शिकवणुकीवर. घरभर रिकाम्या खोल्यांना हाका मारत फिरतो तो त्या संध्याकाळच्या भीतीने. पंचवीस वर्षं मी मुलांना सांगतोय की शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य असतो. शीतगृहात मला एका संध्याकाळी कळलं होतं की अर्थ ऐकणाऱ्याकडे असतो, आणि तो राशीमागे उभा असतो. ते मी वर्गात कधी शिकवलं नाही. शिकवायचं तर कुठून शिकलो ते सांगावं लागलं असतं. तू "एक पोतं तरी" असं विचारलंस तेव्हा तोंडावर 'हो' आलं होतं. त्या 'हो'च्या पाठोपाठ मफलर त्या खोलीतून बाहेर आला असता, म्हणून मी 'नाही' म्हणालो, आणि तू गेलीस.

आता जे लिहितो ते कर. उद्यापासून ती हाक बंद. सगळ्यांना ठाऊक असलेला साधा शब्द, साध्या सुरात. प्रत्येकाचं नाव घेऊन. उत्तर ऐकू आलं तरच पुढे, आणि उत्तर आलं तरी आत जाऊन राशीमागे डोळ्यांनी बघ. हसतील. हसू देत. फळी तुम्हीच करा, लाकडाचा तुकडा आणि खिळे लागतात, वरच्या कोणाची परवानगी लागत नाही.

आईने शेवटचं पान वाचून बाजूला ठेवलंय. मग एवढंच म्हणाली, "पन्नास मिनिटं?" मी हो म्हणालो. ती उठून आत गेली, पिशवी घेऊन आली.

"पाकीट चिकटवू नका. टपालाने तीन दिवस लागतील, तोवर तीन वेळा सहा वाजतील. सकाळच्या बसने मीच जाते. तुम्ही येताय?"

येतोय. फाटकापर्यंत नक्की. मागच्या वेळी तिथूनच परतलो होतो, म्हणून आधी सांगून ठेवतो.

गेला सव्वा महिना मी दांडा, मोजे, फळी करत होतो, कारण तू आत अडकशील अशी भीती वाटत होती. ती आजही वाटते, पण आता त्याहून मोठी दुसरी आहे. दार लावणारी तू आहेस. जीभ माझी, हौस माझी, चारचौघांत शहाणं दिसायची खोडही माझीच. मला भीती वाटते की तू माझ्यावर गेली आहेस.

बाबा